चार देशांची पातेली

भामरे मॅडम कुठल्याही टेबलाशी बसल्या की आधी त्याची कड पाहायच्या. लग्नाच्या पंगतीत, बँकेत, एसटी स्टँडवरच्या कॅन्टीनमध्ये, कुठेही. बोलता बोलता हात टेबलाखाली जायचा, अंगठ्याचं नख कडेच्या थरांत शिरायचं आणि हळूच वर उचलायचं. थर सुटला तर तोंडातून ‘हं’ एवढंच. नाही सुटला तर त्या टेबलाकडे नव्याने बघायच्या, गर्दीत ओळखीचं माणूस दिसल्यासारख्या. धुळ्यात एका हॉटेलवाल्याने त्यांना हटकलं होतं, “अक्का, टेबल मन्हा शे, उचकटू नका.” मॅडम म्हणाल्या, “उचकटत नाही भाऊ. विचारतेय त्याला.”

नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्लायवुड कारखान्यात त्या तपासणी विभागाच्या प्रमुख होत्या. मी तिथे त्यांच्या हाताखाली भाषांतरकार म्हणून लागले. प्लायवुडच्या कारखान्यात भाषांतरकार कशाला, हा प्रश्न मलाही पडला होता.

झालं होतं असं, की धुळ्याजवळच्या धावपट्टीवर एक जुनं, लाकडी, दोन माणसांचं ग्लायडर वर्षानुवर्षं शेडमध्ये पडून होतं. इंजिन नसलेलं, वाऱ्यावर तरंगणारं विमान. अभियांत्रिकी कॉलेजातले चित्ते सर आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन ते दुरुस्त करत होते. पंखांवरचं प्लायवुड बदलायचं होतं, आणि ते विमानाच्या दर्जाचं हवं होतं: कागदासारखं पातळ आणि जिवावर बेतणार नाही इतकं खात्रीचं. परदेशातून मागवण्याची खटपट सरांना झेपेना. ते आमच्या कारखान्यात आले आणि मालकांच्या आधी मॅडमना भेटले.

मॅडमची सगळी नोकरी स्वयंपाकघरातली कपाटं, पलंग आणि शाळेच्या बाकांसाठी प्लायवुड तपासण्यात गेली होती. निवृत्ती जवळ आली होती. चित्ते सरांचं बोलणं ऐकून त्या म्हणे एवढंच म्हणाल्या, “एक तरी शीट उडू दे माझ्या हातून.” त्यासाठी निरनिराळ्या देशांची मानकं त्यांनी जमवली. मानक म्हणजे वस्तू कशी असावी आणि ती तशी आहे हे कसं तपासावं, ते सांगणारं पुस्तक. पुस्तकं इंग्रजीत, थर दाबणाऱ्या प्रेसवरची आणि गोंदखोलीतली माणसं मराठीतली. मधे मी.

आमच्या अमळनेरच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. वडील तेलाच्या गिरणीत युनियनचं काम करायचे. पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. त्यामुळे मुलाखतीला जाताना प्रमाणपत्रांबरोबर मी स्वतः लिहिलेली चार पत्रकंही नेली. मॅडमनी प्रमाणपत्रं बाजूला सारली आणि पत्रक वाचलं.

“‘कामगाराला स्वच्छ हवा मिळालीच पाहिजे.’ बरोबर आहे. मिळाली, हे ओळखायचं कसं?”

मी भाषण दिलं. हवा, हक्क, नफा, सगळं आलं त्यात. मॅडमनी ते शेवटपर्यंत ऐकलं, मधे एकदाही अडवलं नाही.

“छान. आता सांग, ओळखायचं कसं?”

मी हातातली उरलेली पत्रकं चाळायला लागले. “उद्यापासून ये,” त्या म्हणाल्या. “चिडतेस चांगली. पण तुझ्या पत्रकात मागणी आहे, तपासणी नाही. या पुस्तकांत एक मागणी एका ओळीत असते आणि ती तपासायची कशी ते दोन पानं. वाच. चिडशील आणखी.”

‘ओळखायचं कसं?’ हा त्यांचा प्रश्न सगळ्यांना लागू होता. पपई गोड आहे म्हणणाऱ्या फळवाल्याला, गाडी वेळेवर आहे म्हणणाऱ्या स्टेशनवरच्या माणसाला, मुलगा चांगला आहे म्हणणाऱ्या नातेवाइकांना. त्यांचं लग्न का झालं नाही, असं कुणी विचारलं तर कारखान्यातले लोक हसून हेच कारण सांगायचे.

त्यांची प्रयोगशाळा म्हणजे मागच्या बाजूची लांबट खोली. ओट्यावर चार ॲल्युमिनियमची पातेली, लग्नात वरण शिजवतात तसली. प्रत्येकावर ऑइलपेंटने नाव घातलेलं: भारत, ब्रिटन, अमेरिका, जर्मनी. एकाच शीटचे तुकडे कापून त्या चारही पातेल्यांत टाकायच्या आणि प्रत्येक देश त्या लाकडाला काय विचारतो ते बघत बसायच्या. कारखान्यात ही पातेली इतकी रुळली होती, की चहा सांगायला आलेला माणूस सहज म्हणून जायचा, “मॅडम, अमेरिका उतू जाऊ राहिली.” गोंदखोलीतले हिलालआबा, कारखान्यातले सर्वांत जुने, दारात उभे राहून म्हणायचे, “एक पोर अन् चार सासवा! कशी नांदी ती?”

आणि सासवांचे स्वभाव खरंच वेगळे होते. एक देश उकळत्या पाण्यात तासन्‌तास ठेवायला सांगे. दुसरा म्हणे, काही तुकडे थंड पाण्यातच पडू दे, फुगतात का बघ. तिसऱ्याला पाण्यापेक्षा पटाशीचं महत्त्व: कडेत पटाशी घाल, थर उचल, आणि फाटतं ते लाकूड की सुटतो तो गोंद, हे बघ. मला वाटायचं, चांगलं प्लायवुड म्हणजे न फाटणारं. मॅडमनी हातातला तुकडा फाडून दाखवला. थराच्या पोटाला लाकडाचे तंतू तुटून चिकटलेले होते. “फाटणार तर सगळंच. पण आधी लाकूड फाटायला हवं. जोड शेवटी. जोड आधी सुटला तर नापास.”

माझे डोळे चमकले असावेत. त्या लगेच म्हणाल्या, “याचं घोषवाक्य करू नकोस.”

एका पुस्तकात बर्च या थंड देशांतल्या झाडाच्या लाकडावर पानंच्या पानं होती. “बर्चचं झाड पाहिलंयस?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मीही नाही. पण त्याच्या कुठल्या गाठी चालतात अन् कुठल्या नाही, ते झोपेत सांगेन.” आणि मग स्वतःशीच, “कसं दिसत असेल गं ते उभं असताना?”

हे मला त्यांच्यात सर्वांत आवडायचं. चार देशांत कडक कोण आणि ढिला कोण, एवढ्यावर त्यांचं समाधान होत नसे. हा देश हेच का विचारतो, हे त्यांना हवं असे. मी भाषांतर करताना एके ठिकाणी अडले. ब्रिटिश पुस्तकात, आणि त्यासारखीच आपल्या पुस्तकात, एक चमत्कारिक परीक्षा होती: प्लायवुडच्या पट्ट्या ओल्या भुशात पुरा, साखरेचं पाणी शिंपडा, उबेत ठेवा, बुरशी येऊ द्या, आणि आठवड्यांनंतर जोड तपासा. मॅडमकडच्या बाकी दोन पुस्तकांत ही परीक्षा आम्हाला सापडली नाही.

“थंड देशाला बुरशीची एवढी काळजी कशाला?” मी विचारलं.

मॅडम खुर्ची ओढून बसल्या. हा प्रश्न कुणी विचारावा म्हणून त्या थांबल्याच होत्या जणू. “कारण त्यांची विमानं इकडे आली. युद्धात लाकडाची विमानं बनवायचे. सुरुवातीला सरस दुधापासून केलेला असायचा. तिकडे टिकला. इकडच्या दमट हवेत आला अन् बुरशीला मेजवानी. मग पुस्तकात ओळ वाढली. प्रत्येक ओळीमागे कुणीतरी पडलेलं असतं बघ.”

त्यानंतर कित्येक दिवस मी त्या रुक्ष पानांकडे वेगळ्या नजरेने बघत होते. आणि एक गोष्ट खटकत राहिली. “मॅडम,” मी म्हटलं, “गाठीबद्दल एवढं, भेगेबद्दल एवढं. हे लाकूड चिकटवणाऱ्या माणसाबद्दल या चारांपैकी कुणी काही म्हणतं का?” गोंदखोलीत शिरलं की डोळ्यांतून पाणी यायचं, हिलालआबांचे डोळे कायमचे लाल होते. मॅडमनी मला पुस्तकाकडे बोट दाखवून गप्प केलं नाही. दोन दिवस चारही पुस्तकं पुन्हा चाळली आणि म्हणाल्या, “नाही. एक ओळ नाही. ती तुला लिहावी लागेल.”

पातळ शीटची पहिली खेप निघाली ती पावसाळ्यात. चारही पातेल्यांत उकळून, भिजून, पटाशी खाऊन ती पास झाली. ग्लायडर उडवण्याचा हंगाम पावसाळा संपल्यावरचा. चित्ते सरांना दिवाळीच्या आत माल आणि मॅडमच्या सहीचा तपासणी अहवाल हवा होता. त्या अहवालाशिवाय वरून परवानगी मिळणार नव्हती. राहिली होती फक्त बुरशी.

आणि मालक म्हणाले, नाही.

मालक पारसभाऊ. राजस्थानातून आलेल्या जैन कुटुंबातले, आजोबांचं अमळनेरला लाकडाचं दुकान, यांनी कारखाना काढलेला. मॅडमच्या पातेल्यांचं त्यांना कौतुक होतं. “उकळलेलं पाणी तर आम्ही पण पितो,” असं म्हणून हसायचे. बुरशीचं ऐकल्यावर हसले नाहीत.

“मॅडम, चातुर्मास चालू आहे. पावसाळ्यात एक पालेभाजी येत नाही आमच्या घरात, जीव असतो म्हणून. आणि इथे मुद्दाम जीव पेरायचा, साखर घालून वाढवायचा, मग मारायचा? माझ्या छपराखाली नको.”

“परीक्षा आहे पारसभाऊ.”

“दोन देशांत आहे, दोन देशांत नाही. तुम्हीच सांगितलं. ज्यात नाही तो देश धरा. सरांना एका देशाचा कागद पुरतो.”

“ग्लायडर कुठल्या देशात उडणार?”

“धुळ्यात.”

“धुळ्यातच पावसाळाभर बंद शेडमध्ये पडून राहणार. बुरशीने विचारलं, तुम्ही कुठल्या देशाचे, तर काय सांगायचं?”

पारसभाऊंनी हात जोडले. रागाने जोडले नव्हते. “माझ्याच्याने नाही होणार, मॅडम.”

मी पेटले. त्या संध्याकाळी नरडाणा स्टेशनवर गाडीची वाट बघत बाकावर बसून मी पत्रक लिहून काढलं: ‘धर्माच्या आडून कुणाचा फायदा?’ बुरशीचा जीव जपणारा माणूस गोंदखोलीतल्या माणसाच्या डोळ्यांकडे बघत नाही, असं त्यात होतं, आणि हे चातुर्मासाचं ढोंग केवळ परीक्षा टाळण्यासाठी आहे, असंही होतं. दुसऱ्या दिवशी मॅडमपुढे ठेवलं.

“यात दोन गोष्टी आहेत,” त्या म्हणाल्या. “डोळ्यांची खरी आहे. ढोंगाची माहीत नाही. ओळखायचं कसं?”

“म्हणजे?”

“आज नाही म्हणण्यात त्यांची सोयच आहे. नाही म्हणणं अंगाशी येईल तेव्हा काय म्हणतात, ते बघू. तोवर हे ठेव तुझ्याकडे.”

मग त्या पारसभाऊंकडे गेल्या आणि सरळ सांगितलं, की पट्ट्या मी माझ्या घरी नेते. पारसभाऊ म्हणाले, “तुमचं घर, तुमचा हात. मी काय बोलणार?”

मॅडम धुळ्यात आईबरोबर राहायच्या, दोघीच. आई साक्रीकडच्या, ऐंशीच्या पुढच्या, कानाने कमी आणि जिभेने तिखट. स्वयंपाकघरात चुलीशेजारच्या कोनाड्यात, जिथे पूर्वी विरजण लावायच्या, तिथे मॅडमनी भुशाची ताटं ठेवली. शेजारी काही पट्ट्या कोरड्या, तुलनेसाठी. दिवसा पाणी शिंपडायचं काम आईकडे. मी अधूनमधून जायचे तेव्हा आई मला पकडायच्या.

“हाई काय शे वं पोरी? मन्ही पोर लाकूडले साखर खावाडस!”

“परीक्षा आहे आजी.”

“परीक्षा कसानी? जन्मभर मी बुरशी पुसं. लोणचानी, पापडनी, गोधडीनी. आते म्हतारपणमा ती वाढाऊ!” असं म्हणत त्या चमच्याने साखरेचं पाणी असं निगुतीने शिंपडायच्या, की वाटीतलं थेंबभर वाया जायचं नाही. पुढच्या खेपेला गेले तर दारातच सगळ्या ताटांना बुरशी धरल्याची बातमी: “बठ्ठा पांढरा व्हयनात. एक हिरवा. त्याले जपनं पडी, तो नाजूक शे.” एके दिवशी त्यांनी ताटांवर पातळ धोतराचा धुतलेला तुकडा घातलेला दिसला. माश्या बसतात म्हणे. मॅडम म्हणाल्या, “चार देशांच्या पुस्तकांत नाही हे, आई.” आई म्हणाल्या, “मंग लिखी ले.”

ठरलेले आठवडे भरले. सकाळच्या उजेडात, ओट्यावर वर्तमानपत्र पसरून मॅडमनी कोरडी पट्टी घेतली, पटाशी घातली. लाकूड फाटलं, जोड शाबूत. दुसरी कोरडी पट्टी, तसंच. मग भुशातली एक धुऊन घेतली. पटाशीचं टोक लागताच वरचा थर निघून आला, भाजलेल्या वांग्याची साल निघते तसा. जोडावर पांढऱ्या धाग्यांचं जाळं पसरलेलं. त्यांनी आणखी पट्ट्या बघितल्या. काही टिकल्या होत्या, बऱ्याच नाही.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ही खेप नापास म्हणजे हंगाम गेला. पुढच्या हंगामाआधी त्या निवृत्त होणार होत्या. पण त्यांचं लक्ष त्या धाग्यांवर होतं. भिंग लावून बघत राहिल्या. “लाकडात नाही गेली गं. जोडाजोडाने गेली. या गोंदाला ती खातेय. का खातेय? हा गोंद खाण्यासारखा नाही.”

कारखान्यात गेल्या त्या थेट गोंदखोलीत. हिलालआबा पिंप ढवळत होते.

“आबा, पातळ शीटच्या खळीत काय काय टाकलंत?”

“पुस्तकमा शे तेच.”

“आणखी काही?”

“काहीच नही.” मग ढवळणं थांबवून, “मैदा टाका मी थोडासा.”

मी मधे पडले. “आबा, भिंतीवर लावलंय ना मी! ‘सांगितलेल्याशिवाय दुसरं काहीही मिसळू नये.’ तुम्ही वाचलंत माझ्यासमोर.”

“वाचं ना,” आबा म्हणाले, अगदी सरळपणे. “पण मैदा काय दुसरं शे का? मैदा तर नेहमीना शे.”

पलंगाच्या आणि कपाटाच्या प्लायवुडमध्ये मैदा घालतातच. खळ दाट होते, पसरायला बरी पडते. इतकी वर्षं हाताला ती सवय, की मैदा हा ‘मिसळलेला’ पदार्थ आहे हेच आबांच्या मनात येत नव्हतं. आणि त्यात आणखी एक गोष्ट होती. लाकूड कागदासारखं पातळ असल्याने नुसता गोंद आरपार यायचा आणि शीटवर काळे डाग पडायचे. “इमाननं काम,” आबा म्हणाले; विमानाला ते इमान म्हणायचे. “त्यानावर डाग बरा दिसस का? लोके काय म्हनतीन?”

मी ओरडणार होते. मॅडमनी मला थांबवलं आणि उलट्या पिंपावर बसून आबांना विचारायला लागल्या: किती घातला, पाण्यात कालवून की कोरडा, डाग कुठल्या बाजूने जास्त यायचे, मैद्याशिवाय ते थांबवायला काय करता येईल. आबाही रंगात आले. गोंद जरा मुरू देऊन मग लावला तर आरपार येणार नाही, असं त्यांनीच सुचवलं. दोघं असे बोलत होते, की बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, काही बिघडलंच नाही.

पारसभाऊंच्या खोलीत मात्र बिघडलं.

“चारही पातेली पास म्हणतात,” पारसभाऊ म्हणाले, “आणि तुमच्या आईच्या स्वयंपाकघरातली बुरशी नापास म्हणते. मी कोणाचं ऐकू?”

“बुरशीचं.”

“आणि सही?”

“नाही करत.”

“मॅडम, दिवाळीच्या आत नवी खेप होईल?”

“होईल. पण पुन्हा बुरशी लावावी लागेल. घरच्या कोनाड्यात थंडी लागली की ती हळू वाढते. इथल्या प्रयोगशाळेत उबेची पेटी आहे. त्यात ठेवली तर कदाचित वेळेत बसेल.”

पारसभाऊंनी फोन जवळ ओढला. हे काम त्यांना हवं होतं. विमानाला माल देणारा कारखाना, हे ते आल्यागेल्याला आधीच सांगून बसले होते. खरं सांगायचं तर मला ते ‘हो’ म्हणायला हवे होते. माझं पत्रक तयार होतं.

“नाही,” ते म्हणाले. “जाऊ द्या यंदाचं. माझं छप्पर सोडून कुठेही लावा. सरांना मी स्वतः फोन करतो.” आणि त्यांनी आमच्यासमोरच फोन करून सांगितलं, की आमच्या मालात खोट निघाली.

बाहेर आल्यावर मॅडम फक्त म्हणाल्या, “कळलं?”

कळलं होतं. मी पत्रकाचा तो अर्धा भाग फाडला. दुसरा अर्धा, डोळ्यांचा, ठेवला. कारण त्या माणसाच्या करुणेत बुरशी होती आणि हिलालआबा अजूनही नव्हते, हे खरंच होतं. फक्त या वेळी मी मागणीखाली तपासणी लिहिली: ‘गोंदखोलीत काम चालू असताना मधोमध उभं राहून कुणालाही छापील पान डोळ्यांत पाणी न येता शेवटपर्यंत वाचता आलं पाहिजे. हे मालकांनी स्वतः करून बघावं.’ मॅडमनी वाचून एकच शब्द खोडला, ‘शोषक’. “हा कशाने मोजतेस?” म्हणाल्या. मी वाद घातला. हरले नाही, पण शब्द गेला. दुसऱ्या दिवशी पारसभाऊ खरोखर पान घेऊन गोंदखोलीत उभे राहिले. मोठ्याने वाचायला लागले, कामगार हसत होते. अर्ध्या पानाच्या आत रुमाल निघाला. पंखे बसले त्याच महिन्यात, हवा बाहेर फेकणारे. आबा म्हणाले, “आते मन्हा डोयासले करमत नही.”

हंगाम गेला. हिवाळ्यात मॅडमनी नवी खेप काढून घेतली. मैदा नाही, गोंद मुरवून. डाग थोडे पडलेच. पट्ट्या पुन्हा कोनाड्यात गेल्या. आई आता तरबेज झाल्या होत्या. बुरशी उशिरा येतेय म्हणून ताटांना शेकोटीजवळ घेऊन बसायच्या. या वेळी जोड टिकले. मॅडमनी सही केली ती नोकरीच्या शेवटच्या दिवसांत. सही करताना त्यांचा हात नेहमीसारखाच चालला; पेन खाली ठेवल्यावर मात्र तळवा साडीला पुसला. मी म्हटलं, “मॅडम, माझं म्हणणं आहे, जो सही करतो त्याने पहिल्यांदा बसावं आत.”

“बसून काय सिद्ध होईल?” त्या म्हणाल्या. “एकदा उडालं म्हणजे परीक्षा झाली का? मी बसले अन् नीट उतरले तर पुढे दहा पोरं बिनधास्त बसतील, माझ्यावर विश्वासून. नको. विश्वास शीटवर ठेवावा, माझ्यावर नको.”

पंख चढवून, परवानग्या येऊन ग्लायडर शेडबाहेर आलं ते पुढच्या हंगामात. मॅडम निवृत्त झालेल्या, मीही काम संपवून अमळनेरला घरी. चित्ते सरांनी आम्हा सगळ्यांना धावपट्टीवर बोलावलं. हिलालआबा टोपी घालून आले होते. पारसभाऊंनी पेढे आणले होते. मॅडम पांढऱ्यावर निळ्या काठाची साडी नेसून, आईला रिक्षातून घेऊन आल्या. आईंनी पंखाला हात लावून विचारलं, “हाई मन्हा कोनाडामधलं शे?”

“त्याचंच भावंड,” मॅडम म्हणाल्या.

पुढे वैमानिक बसला; सरांनी मागची जागा मॅडमना देऊ केली. सगळ्यांनी आग्रह केला. “मी खालीच बरी,” त्या म्हणाल्या आणि दोन पावलं मागे झाल्या. मग मागच्या जागेवर सरांची एक विद्यार्थिनी बसली, लाल ओढणी कमरेला घट्ट गुंडाळून.

धावपट्टीच्या टोकाच्या यंत्राने जाड दोर ताणला, ग्लायडर घसरत निघालं आणि बघता बघता उचललं गेलं. दोर सुटला. मग काही आवाजच नाही. आम्ही सगळे माना वर करून, हात कपाळाशी धरून उभे. आबांनी टोपी काढली होती. पंखांवरचे डाग खालूनही दिसत होते, बाभळीच्या सावलीसारखे, आणि ते पारसभाऊंना दाखवत आबा सांगत होते, “त्या डाग मन्हा शेतस!”

काहीतरी बोलायला मी मॅडमकडे वळले. त्या वर बघत नव्हत्या. मान खाली, पिशवीतून काढलेला एक पातळ तुकडा हातात. त्याच शीटची राहिलेली कातरण. अंगठ्याचं नख तिच्या कडेत होतं. थर उचलायचा प्रयत्न करत होत्या, एका जागी, मग जरा पुढे, मग उलटून दुसऱ्या बाजूने. आईंनी त्यांच्या कोपराला धरून वर बघायला सांगितलं, तरी नाही.

ग्लायडरने धुळ्याकडे एक मोठं वळण घेतलं, परत आलं, शेडवरून खाली झुकलं. चाक जमिनीला लागल्याचा आवाज आला. लाल ओढणीची मुलगी हसत, ओरडत बाहेर पडली, पोरं धावली.

तेव्हा मॅडमनी कातरणीतून नख काढलं. मला दिसलं, थर जागच्या जागी होता, नखाचा कोपरा तुटला होता. तो त्यांनी निरखून पाहिला, ‘हं’ म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच वर बघितलं, रिकाम्या आकाशाकडे.